रेकॉर्डिंग करताना कॉम्प्युटरची घरघर कशी थांबवावी?

वाचनवेल | १० मे, रात्री ११:५२

मी ठाण्यात कोपरीला राहते. दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते, चार वर्षं झाली. सध्या सातवीचं विज्ञान चालू आहे. दिवसा रेल्वे, रिक्षा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, त्यामुळे रात्री साडेदहानंतरच बसता येतं. खिडक्या लावायच्या, छताचा पंखा बंद करायचा आणि वाचायला सुरुवात. पहिली दहा मिनिटं छान जातात. मग खोली तापते आणि टेबलाखालचा कॉम्प्युटर घुमायला लागतो. मी थांबते, खिडकी उघडते, पंखा लावते, पाच मिनिटांनी पुन्हा बसते आणि पुन्हा तेच. काल अडीच तासांत अकरा मिनिटांचं वापरण्याजोगं रेकॉर्डिंग झालं.

घरघर काढून टाकणारं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं आहे. घरघर जाते, पण तिच्यासोबत 'स' आणि 'श' यांची धारही जाते. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च सारखेच ऐकू यायला लागतात. आपण डोळ्यांनी वाचणारे, आपल्याला चालून जाईल. पण जे मूल सगळा धडा कानानेच शिकणार आहे, त्याला हा फरक ऐकू यायलाच हवा.

कॉम्प्युटर सेकंडहँड घेतलेला टॉवर आहे. सहा कोअरचा ६५ वॅटचा प्रोसेसर, त्यासोबत आलेला छोटा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्या), मुलाच्या ड्रॉइंगच्या कामासाठी एक ग्राफिक्स कार्ड आणि ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. नवीन काही मोठं घेणं सध्या शक्य नाही.

उपाय शोधताना नेटवर बरंच वाचलं. कोणी कॉम्प्युटर तेलात बुडवतात, कोणी फ्रिजमध्ये ठेवतात, कोणी बादलीतलं पाणी नळीने फिरवतात. यातलं काही आपल्यापैकी कोणी खरंच करून पाहिलंय का? आणि तेही आपल्या ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत?

सानपाडकर | ११ मे, सकाळी ८:१०

ताई, काम फार मोलाचं करताय. एक सरळ शंका: मोबाइलवर किंवा हातातल्या छोट्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड करून नंतर कॉम्प्युटरवर घेतलं तर?

वाचनवेल | ११ मे, सकाळी ९:३५

करून पाहिलं. पण मी पडद्यावरच्या पानावरून वाचते आणि चूक झाली की तिथल्या तिथे मागे जाऊन तेवढंच वाक्य पुन्हा त्यावर रेकॉर्ड करते. नंतर एका तासाच्या रेकॉर्डिंगमधल्या चुका शोधत बसलं की दुप्पट वेळ जातो. म्हणून कॉम्प्युटर चालूच हवा.

काचपेटी | ११ मे, दुपारी १:२०

तेलाचा प्रयोग मी केलेला आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, घणसोलीत तीन मित्र मिळून राहत होतो. माशांची जुनी काचपेटी होती. लिक्विड पॅराफिन, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळतं तेच, केमिकलवाल्याकडून घाऊक आणलं. चोवीस लिटर लागलं. मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) सगळं त्यात उभं केलं. हे तेल वीज वाहून नेत नाही, त्यामुळे काही जळत नाही. साधं पाणी चालत नाही ते याचसाठी.

कल्पना वेडगळ नाही. १९८५ साली आलेला क्रे-२ हा सुपरकॉम्प्युटर आतून-बाहेरून फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला होता. हवेपेक्षा द्रव कितीतरी जास्त उष्णता वाहून नेतो. तेल चालू केल्या केल्या जी शांतता झाली ती मी विसरलेलो नाही. पंखे तेलात सावकाश फिरत होते आणि कानाला काही म्हणजे काही येत नव्हतं.

आता पुढचं. तेल उष्णता घेतं, पण ती टाकणार कुठे? काचेच्या चार भिंती आणि वरचा पृष्ठभाग, एवढीच वाट. पहिला तास छान, दुसराही बरा. चार तासांनंतर तेल ५० अंशांच्या पुढे गेलेलं असायचं. मग ते थंड करायला बाहेर रेडिएटर लावा, पंप लावा, त्याला पंखा लावा. म्हणजे आवाज परत आलाच.

दुसरा त्रास कोणी सांगत नाही तो असा. तेल वायरीच्या आतून चढतं. तांब्याच्या बारीक तारांमध्ये जी फट असते तिच्यातून दिव्याच्या वातीसारखं वर येतं. तीन आठवड्यांनी यूएसबीच्या वायरीतून तेल माउसपर्यंत पोचलं होतं. टेबलाच्या कडेला हात लावला की बोटं चिकट. दोन महिन्यांनी वायरींचं प्लास्टिक कडक होऊन वाकवलं की तडकायला लागलं, कारण प्लास्टिक मऊ ठेवणारा अंश तेलात उतरतो. हार्ड डिस्क तर बुडवताच येत नाही, तिला हवेसाठी छोटं भोक असतं. शेवटी सगळं पुसून काढायला दोन रविवार गेले आणि त्या मदरबोर्डला कोणी विकत घेईना.

ताई, तुमच्यासाठी हे नको. घरात पुस्तकं आहेत, कागद आहेत.

अकोला ते कळवा | ११ मे, दुपारी ३:०५

आमच्याकडे अकोल्याला मे महिन्यात ४३-४४ अंश असतं. तिथे मी कॉम्प्युटर कूलरच्या हवेत ठेवत होतो. वाळ्याच्या ताट्या, त्यावर पाणी, आणि समोर कॉम्प्युटर. एकदम गारेगार चालायचा. इथे कळव्याला आल्यावर तसाच कूलर घेतला तर काहीच फरक पडला नाही, उलट चादरी ओल्या झाल्या. असं का?

नेरूळचे नाना | ११ मे, सायंकाळी ६:४५

मी ३४ वर्षं फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं काम केलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हवेतल्या पाण्यात आहे. पाणी वाळतं तेव्हा ते हवेतली उष्णता घेतं, त्यावर कूलर चालतो. अकोल्याची मे महिन्यातली हवा कोरडी. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या ताटीतून येणारी हवा जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणजे वीस अंशांची सोय. ठाण्यात ३४ अंश आणि ६५ टक्के असेल तर जास्तीत जास्त २८ पर्यंत. सहाच अंश, आणि तेही कागदावर. शिवाय ती ओली हवा मशीनमध्ये जाते, आणि इथे खाडीमुळे हवेत खार आहेच. माठ, वाळा, ओलं फडकं, यातलं काहीही कॉम्प्युटरच्या जवळ नको.

वाचनवेल ताई, फ्रिजचं सांगतो. एका गिऱ्हाइकाने खरंच छोट्या फ्रिजमध्ये भोक पाडून कॉम्प्युटर ठेवला होता. मला बोलावलं तेव्हा कॉम्प्रेसर एक मिनिटही न थांबता चालत होता. फ्रिज ही वस्तू आधीच गार झालेलं गार ठेवण्यासाठी बनवलेली आहे. तिच्या पोटात १५०-२०० वॅटची शेगडी सतत पेटती ठेवली तर ती दमते. आत हात घातला तर चक्क कोमट.

आणि त्याहून वाईट गोष्ट घामाची. पावसाळ्यात फ्रिजमधून बाटली काढली की तिला घाम फुटतो ना? २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना साधारण २५ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. म्हणजे आपल्याकडे मदरबोर्ड खोलीपेक्षा जेमतेम तीन-चार अंशांनी गार केला की त्यावर थेंब. पेल्टियर नावाच्या गार पट्ट्या मिळतात त्यांचंही तेच, शिवाय त्या स्वतः जेवढी उष्णता ओढतात त्याहून बहुतेक वेळा जास्त वीज खातात. आपल्या हवेत खोलीपेक्षा गार करण्याच्या मागे लागूच नये. खोलीएवढं तापमान राहिलं तरी खूप झालं.

वाशी सेक्टर ९ | ११ मे, रात्री ९:३०

बादलीचा प्रयोग माझा. सिडकोच्या जुन्या घरात राहतो. प्रोसेसरवर तांब्याचा वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरणारा ठोकळा), मत्स्यालयाचा छोटा पंप, सिलिकॉनची नळी आणि वीस लिटरची झाकणवाली बादली. रेडिएटर नाही, पंखा नाही.

हिशोब सोपा आहे. वीस लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे ८४ किलोज्यूल लागतात. प्रोसेसर १०० वॅट टाकत असेल तर चौदा मिनिटांनी पाणी एक अंश चढतं. दहा अंश चढायला दोन तास वीस मिनिटं. संध्याकाळी २९ अंशांवर सुरू केलं तर रात्री जेवणाआधी ३९. तेवढा वेळ पूर्ण शांतता. मग रात्रभर बादली आपोआप निवते. ज्याला रोज दोनच तास काम आहे त्याला हा उपाय खरंच लागू पडतो.

पण तीन गोष्टी मी चुकून शिकलो. पहिली, एकाच पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम येऊ देऊ नका. माझ्या एका जोडणीचा तुकडा अॅल्युमिनियमचा होता. चार महिन्यांत तो पांढऱ्या पिठासारखा झाला आणि बारीक भोक पडलं. दुसरी, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटरच घ्या, नळाचं नको, शेवाळ धरतं. तिसरी, झाकण घट्ट हवं. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात आणि पालिकेची माणसं घरोघर तपासायला येतात तेव्हा ते अगदी बरोबर करत असतात.

सानपाडकर | ११ मे, रात्री १०:०२

ग्राफिक्स कार्डच्या छोट्या चिपांवर नाणी चिकटवलेली पाहिली आहेत. आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामध्ये लावतात त्या थर्मल पेस्टऐवजी टूथपेस्ट. हे कितपत खरं?

काचपेटी | ११ मे, रात्री १०:४०

आपली हल्लीची रुपयाची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत. स्टील तांब्याच्या मानाने उष्णता फारच कमी वाहून नेतं, साधारण पंधरावा हिस्सा. त्यामुळे नाणं लावून हाती काही लागत नाही. करायचंच असेल तर जांभळी नाक्याला तांब्या-पितळेच्या दुकानातून तांब्याच्या पत्र्याचा तुकडा कापून घ्या. टूथपेस्ट पहिले काही दिवस चालते, मग तिच्यातलं पाणी उडतं आणि खडूसारखी कोरडी होते. चांगली थर्मल पेस्ट दोनतीनशे रुपयांत येते. तिथे काटकसर नको.

गरम गल्ली | १२ मे, पहाटे ४:१५

ऐरोलीत एका डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला असतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आता डेटा सेंटरांची रांग आहे. आमचं सगळं काम उष्णतेला वाट काढून देण्याचं. म्हणून ताईंच्या मूळ अडचणीवर लिहितो. वरचे सगळे उपाय उष्णता कुठे न्यावी याबद्दल आहेत. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: एवढी उष्णता तयार का होतेय?

तुमची खोली दहा बाय दहाची धरू. त्यात साधारण ३० किलो हवा असते. कॉम्प्युटर १५० वॅट, आणि माणूस बसल्या बसल्या १०० वॅटच्या आसपास उष्णता टाकतो. भिंतींनी काहीच शोषलं नाही तर बंद खोली दोन मिनिटांना एक अंश तापेल. भिंती बरंच शोषतात म्हणून एवढं होत नाही, पण पहिली दहा मिनिटं छान का जातात आणि नंतर का बिघडतं, ते यात आहे. पंखा खराब नाही. तो ज्या हवेने मशीन गार करतोय तीच हवा तापत चालली आहे.

म्हणून आधी उष्णता कमी करा, फुकटात होते. प्रोसेसर जी वीज खातो ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवलं तर त्याच वेगाला वीज सुमारे १९ टक्क्यांनी कमी. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, व्होल्टेज थोडं थोडं उतरवत जा, पाच-दहा मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी, आणि प्रत्येक पायरीला एक तास काम करून पाहा. अचानक बंद पडला तर दोन पायऱ्या वर या. एवढं करायचं नसेल तर काही ६५ वॅटच्या प्रोसेसरना ४५ वॅटवर बसवण्याची इको मोडची सोय बायोसमध्येच असते. तेही नसेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये कमाल प्रोसेसर स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण बऱ्याच मशीनवर त्यामुळे टर्बो, म्हणजे प्रोसेसर गरजेला घेतो तो जादा वेग, बंद होतो आणि तापमान धाडकन खाली येतं. आवाज रेकॉर्ड करायला टर्बो लागत नाही.

उष्णता कमी झाली की पंखा सावकाश फिरवता येतो, आणि खरी जादू तिथे आहे. पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा अर्धी येते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणून एक छोटा पंखा मिनिटाला १८०० फेऱ्यांवर पळवण्यापेक्षा १२० मिलिमीटरचे दोन पंखे ७०० वर फिरवा. जुना मदरबोर्ड वेग कमी करू देत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. एसएमपीएसच्या पिवळ्या वायरीत १२ व्होल्ट असतात, लालमध्ये ५. पंख्याची प्लस पिवळ्याला आणि मायनस काळ्याऐवजी लालला जोडली की पंख्याला ७ व्होल्ट मिळतात. ज्याला वायरिंगची सवय आहे त्यानेच करावं, पिवळी आणि लाल एकमेकींना टेकली तर एसएमपीएस जातो.

आणि आमच्याकडची गोष्ट, जिच्यावरून हे नाव घेतलंय. डेटा सेंटरात थंड गल्ली आणि गरम गल्ली वेगळ्या असतात. मशीनच्या तोंडाला थंड हवा, पाठीकडून गरम हवा, आणि दोन्ही एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. घरी टेबलाखाली नेमकं उलटं होतं. कॅबिनेटची पाठ भिंतीला, बाजूला लाकडी फळी, आणि टाकलेली गरम हवा फिरून पुन्हा पुढून आत. टेबलाबाहेर काढा, पाठीमागे हातभर जागा सोडा. जुन्या पुठ्ठ्याचा बोगदा करून पुढच्या जाळीला फरशीजवळची हवा मिळू द्या. मी घरी केला आहे, चार-पाच अंशांचा फरक पडला.

शिवणटीप | १२ मे, सकाळी १०:५०

आमचं नौपाड्यात शिवणकामाचं दुकान आहे. कॉम्प्युटरातलं फार कळत नाही, पण माझ्या भावाने मागे हार्ड डिस्कसाठी माझ्याकडून इलॅस्टिक नेलं होतं ते सांगते. पेटीकोटला लावतो ते पाव इंची. कॅबिनेटच्या आत इकडून तिकडे ताणून आठाच्या आकड्यासारखं विणलं आणि मध्ये डिस्क झोळीसारखी ठेवली. त्याआधी रात्री टेबलातून एक गुणगुण यायची, पायाला जाणवायची. ती पूर्ण गेली. दर वर्षी इलॅस्टिक बदलतो, कारण उष्णतेने सैल पडतं.

गरम गल्ली | १२ मे, दुपारी २:३०

ताई, अगदी बरोबर. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, त्यामुळे १२० हर्ट्झची ती गुणगुण. डिस्क छोटी, पण स्क्रूने पत्र्याला बांधली की पत्रा आणि टेबल मिळून तबल्यासारखे घुमतात. झोळी उत्तम. फक्त डिस्कवरून थोडी हवा खेळती राहू द्या आणि कॉम्प्युटर चालू असताना हलवू नका. काहीच न फिरणारी एसएसडी डिस्क घेतली तर प्रश्नच मिटतो.

घोडबंदर | १२ मे, सायंकाळी ७:१५

सगळ्यात आधी कॅबिनेट उघडून पाहा, एवढंच सांगेन. इथे मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून धुळीचा जो थर बसतो तो पाहवत नाही. माझ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये अक्षरशः कापसाच्या गादीसारखा बोळा निघाला. पंखा वर फिरत होता आणि खाली हवाच जात नव्हती. रंगाचा जुना मऊ ब्रश आणि फुंकणी पुरते. फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते सुसाट फिरून बेअरिंग खराब होतं. पुढच्या जाळीला जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून लावला आहे, दर रविवारी धुतो.

सानपाडकर | १२ मे, रात्री ८:४०

पंखाच नको असं काही नसतं का? चिमणीसारखी गरम हवा आपोआप वर जाईल असं?

काचपेटी | १२ मे, रात्री ९:२५

असतं. अॅपलने २००० साली काढलेल्या जी४ क्यूबमध्ये पंखा नव्हता, खालून हवा आत आणि वरच्या जाळीतून बाहेर. मोठे बिनपंख्याचे हीटसिंक आजही मिळतात. त्यातल्या हीट पाइपमध्ये थोडं पाणी असतं, गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला पुन्हा पाणी. १९६३ मध्ये लॉस अॅलमॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तशी नळी करून दाखवली, ती आज लॅपटॉपमध्येही आहे.

पण चिमणीचा जोर फार कमी. अर्धा मीटर उंची आणि १५ अंशांचा फरक धरला तर दाब जेमतेम ०.३ पास्कल होतो. साधा पंखा त्याच्या कित्येक पट लावतो. त्यामुळे जाळी, फिल्टर, वायरींचा गुंता असं काहीही वाटेत आलं की चिमणी थांबते. धुळीचा मोजा लावला तर संपलंच. ठाण्यात चिमणीवर भरवसा ठेवायचा तर मशीन फार कमी तापणारं हवं.

वाचनवेल | १३ मे, रात्री १२:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सुट्टी होती, मुलाला घेऊन बसले. कॅबिनेट उघडलं. घोडबंदर यांनी लिहिलंय तसाच बोळा निघाला, तळहाताएवढा. पेस्ट बदलली. ९९ टक्क्यांचं सेटिंग केलं. ग्राफिक्स कार्ड काढूनच ठेवलं, प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे असं मुलाने सांगितलं. त्याला ड्रॉइंग करायचं असेल तेव्हा लावू.

आधी खिडक्या बंद केल्यावर वीस मिनिटांनी प्रोसेसर ८४ अंशांवर जायचा. आज तेवढ्याच वेळाने ६३. मोबाइलच्या ॲपवर माइकच्या जागी आवाज ४३ डेसिबल होता, आता ३५.

मध्येच एक चूकही केली. आवाज दाबायला आईची गोधडी कॅबिनेटवर टाकली. पाच मिनिटांत तापमान चढायला लागलं, लगेच काढली.

गरम गल्ली | १३ मे, पहाटे ३:५०

फार छान. मोबाइलच्या आकड्यावर तसा विश्वास ठेवू नका, पण तोच मोबाइल त्याच जागी ठेवून आधी आणि नंतर मोजलं तर फरक खरा असतो. गोधडी फेकू नका, तिची जागा वेगळी आहे. माइकच्या मागे आणि तुमच्या पाठीमागे दोरीवर टांगा. कोऱ्या भिंतींवरून आवाज परत येतो तो ती खाते. अंड्यांचे ट्रे लावायला कोणी सांगेल, त्यांना वजनच नाही, त्यांनी आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. तुमच्या घरात सगळ्यात वजनदार गोष्ट कुठली? भिंत.

वाशी सेक्टर ९ | १३ मे, सकाळी ९:००

हेच लिहिणार होतो. मशीन भिंतीपलीकडे ठेवा. केबल टीव्हीच्या वायरीचं जुनं भोक असेल बघा. पाच मीटरची एचडीएमआय सहज चालते. यूएसबी साध्या वायरीने पाच मीटरपर्यंत, त्यापुढे मध्ये रिपीटर असलेली वायर घ्या. आणि बंद कपाटात ठेवू नका, माळ्यावरही नको, गरम हवा वरच साठते.

नेरूळचे नाना | १३ मे, सकाळी ११:३०

गॅलरीतही नको. पावसाचे तुषार आणि खारी हवा. आतला पॅसेज असेल तर उत्तम. आणि ताई, पावसाळ्यात मशीन दिवसदिवस बंद ठेवू नका, रोज तासभर तरी चालू करा. चालू मशीन आजूबाजूच्या हवेपेक्षा उबदार असतं, त्यावर ओल धरत नाही.

वाचनवेल | १९ मे, रात्री ११:४०

केबलवाल्याचं भोक होतंच, कॅलेंडरच्या मागे. मुलाने ड्रिलने बोटभर मोठं केलं. कॉम्प्युटर आता पॅसेजमध्ये चपलांच्या रॅकच्या वर फळीवर आहे, पाठीमागे हातभर मोकळी जागा, समोर पुठ्ठ्याचा बोगदा. एचडीएमआय आणि रिपीटरवाली यूएसबी मिळून अकराशे रुपये गेले. शिवणटीप ताईंच्या दुकानातूनच इलॅस्टिक आणलं, त्यांनी पैसे घेतले नाहीत. भोकात जुन्या साडीचा बोळा कोंबला, कारण तेवढ्या भोकातूनही आवाज येत होता हे रात्रीच कळलं.

माझ्या खोलीत आता एकच उष्णता, माझी. खिडक्या बंद करून चाळीस मिनिटं सलग बसता येतं. ध्वनिपुस्तकांसाठी मागचा आवाज -६० डेसिबलच्या खाली असावा अशी अट बऱ्याच ठिकाणी असते (रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात मोठा आवाज शून्य धरतात, त्याखाली जितकं जाल तितकी शांतता). माझा -५१ च्या आसपास अडकलेला असायचा. काल -६४ आला. सॉफ्टवेअरने काही पुसावं लागलं नाही. 'चारा' मधला च जसा म्हटला तसा आहे.

सानपाडकर | २० मे, सकाळी ८:०५

वाचूनच बरं वाटलं. वाचनखूण साठवली.

वाचनवेल | २२ जुलै, रात्री ११:१५

धागा वर काढतेय, कारण नानांनी पावसाळ्याचं विचारायला खाजगी निरोप पाठवला होता. पॅसेजच्या भिंतीला खालून ओल आली आहे, पण फळी कोरडी आहे. कॉम्प्युटर रोज दुपारी तासभर चालू ठेवते, मुलगा त्यावर अभ्यास करतो. उघडून पाहिलं, कुठे गंज नाही. तापमान ६० च्या आत. इलॅस्टिक अजून ताठ आहे.

विज्ञान गेल्या आठवड्यात संपलं, भूगोल सुरू केलाय. आज पहिला धडा एका बैठकीत वाचला. परत ऐकताना एकच जागा पुन्हा वाचावी लागली, तिथे भिंतीवर पाल चुकचुकली होती. मेमध्ये ती मला ऐकूही आली नसती.